निळ्या फेजवरचा शनिवार

लोकांना वाटतं, इंटरनेट हवेतून येतं. मी वायरमन आहे. तीस वर्षांत हवेतून मला फक्त धूळ आलेली दिसली. बाकी जे घरात येतं ते तारेतून येतं, नळातून येतं, नाहीतर दाराखालून येतं.

माझं काम आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळायला अडचण नाही. जुन्या इमारतींच्या भिंती हातभर जाड असतात आणि तिथले लोक भिंतीत खिळा ठोकू देत नाहीत. अशा ठिकाणी आम्ही इंटरनेट विजेच्याच तारांवरून घरोघर पोचवतो. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीपर्यंत कंपनीची एक लाईन आणायची, ती एका मोठ्या डब्यात घालायची आणि त्या डब्याने ती दिव्या-पंख्याच्या तारांवर सोडायची. वर प्रत्येक घरात सॉकेटला एक छोटा डबा खोचायचा. मोठ्याचं आणि छोट्याचं बटण दोन मिनिटांच्या आत दाबलं की दोघांची ओळख होते. मी त्याला सोयरीक जमली म्हणतो. एक भोक नाही, एक नवीन वायर नाही. कंपनीच्या पत्रकावर हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापलंय आणि तेव्हा ते वाचून माझीच छाती फुगायची.

पण तार एक आणि तिच्यावर संसार दहा-बारा. कोणाचा मिक्सर, कोणाची मोटार, कोणाचा रस्त्यावर घेतलेला चार्जर, यांतलं कोणीही तारेत खरखर सोडतं. खरखर वाढली की इंटरनेट गुदमरतं. बिघाड एकाच्या घरात, ओरड दुसऱ्याच्या घरात आणि शिव्या मला.

खरखर शोधायला कंपनीने एक यंत्र दिलं होतं. ते कपाटात आहे. मी वडिलांचा सेलवर चालणारा रेडिओ वापरतो. काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवायचा आणि भिंतीच्या कडेकडेने चालायचं. चोर जवळ आला की रेडिओ खर्रर्र करून सांगतो. त्यावरून सगळे मला रेडिओ म्हणतात. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणते, आणि वर म्हणते, त्याला निदान बंद करायचं बटण असतं.

तर ती इमारत चार मजल्यांची, बारा घरांची. तीन फेज, लाल, पिवळी, निळी, प्रत्येकीवर चार-चार घरं. दोन दिवसांत काम झालं. तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला, निळ्या फेजवर, एक मुद्रितशोधक राहायचा. चाळिशी नुकतीच आलेली असेल. घरात बसून पुस्तकांची प्रुफं तपासायचा. एक खोली, एक स्वयंपाकघर. टेबलावर कागदांचे गठ्ठे आणि लाल पेनं, टेबलापाशी एक मोठी खुर्ची आणि शेजारी पिवळा रंग दिलेली एक लहान खुर्ची. लहान खुर्चीवर कोणी बसत नसावं, कारण तिच्यावर शब्दकोश ठेवलेला होता.

डबा बसवताना त्याने एकच प्रश्न विचारला.

"शनिवारी चार वाजता चालेल ना हे?"

"शनिवारी काय, रविवारीसुद्धा चालेल," मी म्हटलं.

तो हसला नाही. मग त्याने सांगितलं. बायको वर्षापूर्वी वेगळी झाली होती. मुलगी सहा वर्षांची. ती आईबरोबर दुसऱ्या गावी, एक अख्खा दिवस प्रवास करावा लागेल इतक्या लांब. कोर्टाने बापाला दर शनिवारी चार ते साडेचार व्हिडिओवर भेटायची मुभा दिली होती. तिसऱ्या चौकटीत कोर्टाच्या समुपदेशक बाई गप्प बसून बघणार. खोलीत तिसरं माणूस दिसता कामा नये, ऐकू येता कामा नये, आलं तर बाई तिथेच कॉल संपवणार. कॉल मधेच तुटला तर पुन्हा लावायचा नाही, कारण तुटला की पोर रडते आणि परत जोडला की जास्त रडते. आणि लागोपाठ तीन शनिवार तुटला, तर ही व्यवस्था मुलीला सोसत नाही असं समजून पुढच्या तारखेपर्यंत सगळं बंद. पुढची तारीख सहा महिन्यांनी.

"मोबाईलवरून करायचं," मी म्हटलं.

त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. त्या भिंतींत रेंजचा एक दांडा यायचा, तोही गॅलरीत वाकून उभं राहिलं तर.

"तिच्या आईचं चुकत नाही," तो आपणहून म्हणाला. "रडलेल्या पोराला रात्री जेवायला तिलाच घालायचं असतं."

पहिले चार शनिवार झकास गेले. पाचव्या शनिवारी कॉल नवव्या मिनिटाला तुटला. सोमवारी त्याचा फोन आला, तोही अशा आवाजात की जणू बिघाड त्यानेच केला. मंगळवारी अकरा वाजता गेलो तर सगळं ठीकठाक. वेग भरपूर, डब्यावरचे तिन्ही दिवे हिरवे. त्याच्या टेबलामागच्या फळीवर टॉवेल टाकून काहीतरी झाकून ठेवलेलं होतं, एवढं मला आठवतं. एकट्या पुरुषाच्या घरात झाकलेल्या वस्तूला मी हात लावत नाही. तारा बघितल्या, डबा पुसला, चहा घेतला, निघालो.

सहाव्या शनिवारी सहाव्या मिनिटाला तुटला. या वेळी समुपदेशक बाईंचं पत्रही आलं, दोनच ओळींचं. दोन झाले, तिसरा झाल्यास नियमाप्रमाणे.

आता मला राग आला. माझ्या कामाला नाव ठेवलेलं मला खपत नाही. कंपनीचं एक ॲप आहे, त्यात प्रत्येक फेजची रेघ दिसते. निळ्या फेजची रेघ आठवडाभर टेबलासारखी सपाट. पण दोन्ही शनिवारी चारच्या ठोक्याला धपकन खाली आणि साडेचारला परत वर. चोर घड्याळ लावून येत होता.

मी रेडिओ घेतला आणि दारोदार फिरलो. प्रत्येक दारात एकच प्रश्न, गेल्या महिन्याभरात घरात नवीन काय घेतलंत? इस्त्री, पंखा, चार्जर, काहीही. दुसऱ्या मजल्यावर, बरोबर मुद्रितशोधकाच्या खाली, एक ताई शाळांचे गणवेश शिवतात. त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी पायाच्या मशीनला नवीन मोटार बसवली होती. दुपारी जरा पडतात, चारला उठून मशीनवर बसतात. मी म्हटलं, चालवा. त्यांनी पाय दिला आणि रेडिओ कोकलला. ॲपमध्ये बघितलं, रेघ खाली आली. शनिवारी आली होती तेवढी नाही, थोडी. मी मनात म्हटलं, थोडी तर थोडी.

ताईंनी पाय उचलला आणि हात मांडीवर ठेवले.

"म्हणजे भाऊ, माझ्या मशीनमुळे त्या लेकराचं बोलणं तुटतंय?"

"तुमचा काय दोष ताई, मोटारच हलकी आहे."

"हलकीच परवडते हो. शनिवारी चारला मी हात लावणार नाही मशीनला. सांगा त्यांना."

चेअरमनबाईंनी तर जिन्यात कागदच चिकटवला. शनिवारी चार ते साडेचार कोणीही मोटार, मिक्सर, इस्त्री, धुण्याचं मशीन लावू नये. कारण लिहिलं नव्हतं, पण अकरा घरांना कारण पाठ होतं. एरवी या इमारतीत पाण्याच्या टाकीवरून भांडणं व्हायची. या कागदावर कोणी एक अक्षर बोललं नाही.

शुक्रवारी मुद्रितशोधक खाली मीटरच्या खोलीत आला. हातात पेन तसंच होतं, बोटाला लाल डाग.

"एक विचारू का? उद्या एक तासापुरती साधी वायर जिन्यातून वर आणता येईल का? चेअरमनबाई हो म्हणाल्यात. म्हणजे काही शंकाच राहणार नाही."

पन्नास फूट वायर माझ्या पिशवीत होती. वीस मिनिटांचं काम. आणि मी काय म्हणालो ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण त्यानंतर रोज आठवतं.

"अहो, चोर सापडलाय. वायर कशाला? एक वायर नाही हीच तर आमची खासियत आहे."

"नक्की ना?"

"तुम्ही बिनघोर बसा."

अकरा घरांत जाऊन मी विचारलं होतं की नवीन काय घेतलंत. बाराव्या घरात विचारलंच नाही. ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्या घराची झडती कोण घेतो?

शनिवारी साडेतीनपासून मी मीटरच्या खोलीत स्टूल टाकून बसलो. एका हातात मोबाईल, मांडीवर रेडिओ. माझं तिथे काहीही काम नव्हतं. पण लग्न जमवलेल्या माणसाला मांडवात बसावंच लागतं. चारला पाच कमी असताना जिन्यातून ताईंचा आवाज आला, "भाऊ, बंद केलं हं." वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर कोणी न सांगता फ्रीजची पिनसुद्धा काढून ठेवली होती. इमारत इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती. नळ ठिबकत होता तेवढाच.

चार वाजले. रेघ धपकन खाली आली.

मला आधी वाटलं, मोबाईलच अडकला. मग रेडिओ निळ्या फेजच्या मीटरांजवळ नेला आणि तो मांजर पिसाळल्यासारखा ओरडायला लागला. मी जिना चढत सुटलो. माझे गुडघे काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या मजल्यावर ताईंचं दार उघडंच होतं. त्या मशीनपुढे बसल्या होत्या आणि मशीनची पिन सॉकेटमधून काढून मांडीवर घेतली होती. मला बघून त्यांनी ती पिन वर करून दाखवली. मी चौथ्या मजल्यावर गेलो. तिथे रेडिओचा आवाज कमी झाला. खाली आलो, तिसऱ्यावर, वाढला. उजवीकडे कमी. डावीकडे जास्त. मुद्रितशोधकाच्या दारापाशी गेलो तेव्हा मला आवाजाचं बटण पिळून तो बंद करावा लागला, नाहीतर आत ऐकू गेला असता.

चोर आत होता. त्याच्याच खोलीत.

घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती. आतून त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"ऐकू येतंय का बाळा? बाबा दिसतोय का? हां. मग दुसरा तो मोठेसाहेब. आणि तिसरा? नाही, परत सांग, तुटलं मधेच."

मी हात वर केला, दार ठोठावायला. ठोठावलं असतं तर तिसऱ्या माणसाचा आवाज झाला असता आणि बाईंनी कॉल संपवला असता. नाही ठोठावलं तर कॉल आपोआप संपणार होता. हात तसाच वर राहिला. फोन करावा तर कॉलच्या वेळी त्याचा मोबाईल बंद, आणि चालू असला तरी रेंज नाही. खाली जाऊन त्याच्या घराची वीज तोडावी तर डबाच मरेल. इतकी वर्षं मी लोकांच्या घरात उजेड पाडतोय आणि त्या दारासमोर मला एक गोष्ट सुचली नाही.

मग पावतीपुस्तक काढलं, एक पावती फाडली, तिच्या पाठीवर लिहिलं, 'आत्ता जे लावलंय ते बंद करा', आणि ती दाराखालून आत सरकवली. आत काय लावलंय ते मलाही माहीत नव्हतं. वाकून फटीतून बघितलं. खुर्चीचे पाय दिसले, त्याच्या टाचा दिसल्या. त्याची दाराकडे पाठ होती. पावती दारापासून वीतभर आत पडली होती आणि त्याला ती दिसणार नव्हती.

"चि काय? चि च्या पुढे काय? बाळा? चि..."

मग तो थांबला. मग तीन वेळा हॅलो म्हणाला. मग आत काहीच आवाज आला नाही. चार वाजून अकरा.

आता दार वाजवून उपयोग नव्हता. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. मला वाटलं, तो लगेच बाहेर येईल आणि माझी गचांडी धरेल. तो आला नाही. बरोबर साडेचारला आत खुर्ची सरकली आणि दार उघडलं.

"तुम्ही इथेच होतात?"

"हो."

त्याच्या मागे फळीवरचा टॉवेल काढलेला होता. तिथे काचेची एक लहान टाकी होती, तीन मासे, आणि वर एक निळसर दिवा. दिव्याची वायर एका काळ्या अडॅप्टरमध्ये गेली होती. रस्त्यावर ढिगाने मिळतो तसला, काड्यापेटीएवढा. तो ज्या सॉकेटमध्ये होता, त्याच्या खालच्याच सॉकेटमध्ये माझा डबा होता.

"तिच्यासाठी आणले," माझी नजर बघून तो म्हणाला. "तीन आठवडे होत आले. आठवडाभर झाकून ठेवतो, दिवा लावत नाही. उजेडाने पाणी हिरवं होतं म्हणे. फक्त ती येते तेव्हा लावतो. दर शनिवारी तिने एकाचं नाव ठेवायचं, असं ठरवलं होतं. पहिला बटण. दुसरा मोठेसाहेब. तिसऱ्याचं आज ठेवत होती."

त्याच्या पायाशी माझी पावती पडली होती, लिहिलेली बाजू वर. मी वाकलो आणि ती उचलली.

"माझी पावती पडली," मी म्हटलं.

तो बघत होता.

"काय झालं असेल?" त्याने विचारलं. "खाली तर सगळ्यांनी बंद ठेवलं होतं."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण समोर ते तीन मासे फिरत होते आणि पिवळी खुर्ची टाकीसमोर ओढून ठेवलेली होती. तिच्यावरचा शब्दकोश त्याने जमिनीवर ठेवला होता. मी म्हटलं, "डब्यात दोष. आमच्या. मी लिहून देतो."

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली.

"ते मला कळतंय गं."

"त्याला सांगणार?"

"सांगून काय? त्याला काय मिळणार?"

"काही नाही," ती म्हणाली. "सहा महिने तो दुसऱ्या कोणावर तरी चिडेल, एवढं तरी राहू दे त्याच्याकडे." मग निवडलेली भाजी उचलत म्हणाली, "पण पुढच्या तारखेच्या आधी तो अडॅप्टर बदलून ये. नाहीतर परत तेच."

सोमवारी मी कंपनीच्या कागदावर पत्र लिहून त्याच्याकडे नेलं. दोष आमच्या उपकरणात होता, ग्राहकाच्या घरात कोणताही दोष नव्हता, तरी मुलीची भेट बंद करू नये, ही विनंती. त्याने ते दोनदा वाचलं. मग सवयीने लाल पेन उचललं आणि दोन ऱ्हस्वाचे दीर्घ केले, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. मी पुन्हा स्वच्छ लिहून दिलं. कंपनीच्या साहेबांना ते पत्र कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आवाज न चढवता असं काही बोलले की त्यापेक्षा चढवला असता तर बरं झालं असतं. तेही मी ऐकून घेतलं. आठवड्याने समुपदेशक बाईंचं उत्तर आलं. कारणाची नोंद घेतली आहे. निर्णयात बदल नाही. मुलीची तब्येत महत्त्वाची. त्यात खोटं काय होतं? बाईही चुकीच्या नव्हत्या, आई चुकीची नव्हती, ताईंची मोटार चुकीची नव्हती. चुकीचा एकच होता, आणि तो पत्र लिहून सुटला होता.

एक चांगला, दणकट अडॅप्टर विकत घेऊन मी पिशवीत टाकला. तो पिशवीतच राहिला. आज जाऊ, उद्या जाऊ. दुसऱ्या शनिवारी सहज म्हणून ॲप उघडलं. चारच्या ठोक्याला निळी रेघ धपकन खाली. साडेचारला वर. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. कॉल नव्हता, कोणी येणार नव्हतं, आणि तो टॉवेल काढून दिवा लावत होता. मी शनिवारी चार वाजता कुठेही असलो, शिडीवर, कोणाच्या माळ्यावर, तरी मोबाईल काढून ती रेघ पडलेली बघायचो. मला ती बघवत नव्हती आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, बायकोने अडॅप्टरवरची धूळ पुसून तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, जा. मी पावणेचारला इमारतीत शिरलो. जिन्यातला कागद तसाच होता, फक्त कडा वळल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर ताईंनी मला बघितलं आणि मशीन थांबवलं.

"बंद केलं हो भाऊ. सांगा त्यांना."

"ताई, आता..." मी म्हटलं. मग नुसतं "बरं," म्हटलं.

त्याने दार उघडलं. चार वाजतच होते. त्याने मला लहान खुर्ची सोडून दुसरी दिली, स्वतः पलंगाच्या कडेला बसला, आणि दिवा लावला. मासे मोठे झाले होते. काचेवर एक कागद चिकटवला होता, त्यावर त्याच्या बारीक अक्षरात एकाखाली एक शब्द होते.

"चि वरून सुरू होणारे," तो म्हणाला. "सहा वर्षांच्या मुलीला माहीत असतील तेवढेच काढलेत. चिमणी. चिंच. चिखल. चिमटा. चिल्लर. चिखल असेल असं मला वाटतं, तो जरा काळपट आहे. पण नक्की नाही. नक्की नसलं की आम्ही समासात प्रश्नचिन्ह करतो आणि लेखकाला विचारतो."

मी मान हलवली. अडॅप्टर माझ्या खिशात होता आणि मांडीला टोचत होता.

"शेवटचा शब्द चिठ्ठी," तो म्हणाला. "तो तिचा नसेल. तो मी असाच लिहिला." त्याने माझ्याकडे बघितलं. "त्या दिवशीची चिठ्ठी आहे का तुमच्याकडे?"

"कसली?"

"दाराखालची. तुम्ही पावती म्हणालात ती."

मी टाकीकडे बघितलं.

"तुम्ही वाकलात तेव्हा ती माझ्या बाजूने उलटी होती. आमच्या धंद्यात उलटं वाचता यावं लागतं. पूर्ण नाही वाचता आलं. 'बंद करा' एवढंच वाचलं. मग तुम्ही जिथे बघत होतात तिथे बघितलं."

म्हणजे माझं पत्र हातात घेतलं तेव्हा त्याला ठाऊक होतं. त्याने त्यातलं शुद्धलेखन तपासलं होतं. मजकूर तसाच ठेवला होता.

पावती माझ्या पाकिटात होती. फेकून द्यायचं धाडस झालं नव्हतं. मी ती काढून दिली. त्याने ती वाचली, पालथी केली, पुढची छापील बाजूही वाचली, सवयच ती, आणि परत उलटली.

"किती वाजता टाकलीत?"

"चार आठला."

"अकराला तुटला." त्याने बोटांवर हिशेब केला. "तीन मिनिटं. तीन मिनिटांत तिने ते नाव चार वेळा तरी सांगितलं. शेवटी शेवटी ओरडून सांगत होती."

खिशातून अडॅप्टर काढून मी टेबलावर ठेवला. "हा चांगला आहे. याने काही होणार नाही. मी बदलून देतो."

"ठेवा तिथे."

आम्ही बसून राहिलो. टाकीत पाण्याचा बारीक बुडबुड आवाज येत होता. बटण, मोठेसाहेब आणि तो तिसरा. मला म्हणायचं होतं की मला माफ करा, वायर पिशवीत होती, वीस मिनिटांचं काम होतं.

"तुम्ही दार वाजवायला हवं होतंत," तो म्हणाला.

"वाजवलं असतं तर बाईंनी तिथेच कॉल संपवला असता."

"हो," तो म्हणाला. "पण मग तो तुमच्यामुळे तुटला असता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या ओळीत काय चुकलंय ते दाखवावं तसं त्याने ते दाखवलं.

साडेचार वाजले. तो उठला, दिवा बंद केला आणि टाकीवर टॉवेल टाकला. खालच्या मजल्यावर ताईंनी मशीन सुरू केलं.